वर्डचं पान जुन्या मशीनसाठी बीएमपी, पीसीएक्स, टिफमध्ये कसं करायचं

आमचं दुकान वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आहे, समोर झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्म, मागच्या खोलीत पितळेच्या आणि ॲक्रिलिकच्या पाट्या कोरायची जुनी मशीन. ग्रामपंचायतीचे फलक, शाळेच्या शिल्ड, देवळाच्या देणगीदारांच्या याद्या, शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, बक्षिसं, असं काम वर्षभर येत राहते. मशीन मजबूत आहे, पण तिला जोडलेला कॉम्प्युटर जुन्या विंडोज एक्सपीचा आणि तिचं सॉफ्टवेअर त्याच्याहूनही जुनं, त्याला वर्डची फाइल कळत नाही, पीडीएफ कळत नाही, त्याला फक्त बीएमपी नाहीतर पीसीएक्स, म्हणजे जुन्या प्रकारची चित्राची फाइल पाहिजे आणि तेही दोनच रंगांचं, काळं आणि पांढरं. एखाद्या पतसंस्थेच्या जुन्या रेकॉर्डच्या सॉफ्टवेअरला असंच टिफ लागते, तोही चित्राच्या फाइलचाच एक प्रकार. नवीन कामाला लागलेली पोरं-पोरी मला सारखं विचारून राहिली की भाऊ, वर्डमधला मजकूर चित्र कसा करायचा, स्क्रीनशॉट मारून पेंटमध्ये टाकला तर काहून चालत नाही. म्हणून एकदाचं सगळं सविस्तर लिहून काढतो, मी जसं करतो तसं.

सगळ्यात आधी एक समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी याच्यावरच उभी आहे. वर्डमध्ये "शाळा" लिहिलं तर कॉम्प्युटरला ती अक्षरं म्हणून माहीत असतात. चित्र केलं की ते फक्त ठिपके राहतात, ठिपक्याला शाळा माहीत नाही न् काना माहीत नाही. वेलांटी चुकली तर खोडून परत टाइप करता येत नाही, मूळ फाइलवर जाऊन सगळं पुन्हा करावं लागते. त्यामुळं शुद्धलेखन, नावं, आकडे, जे काही तपासायचं ते चित्र करायच्या आधी.

आता कोणी म्हणेल, मग वर्डची फाइलच त्या एक्सपीवर उघडून तिथूनच का नाही द्यायची. मराठीचा घोळ इथंच आहे. एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमधल्या रिजनल सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाइली टाकाव्या लागतात, त्या नसल्या की जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते आणि "शिक्षण"चा हलंत दाखवून तुकडा पडते. दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. कृतीदेव, श्रीलिपी असे फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा नंबर द्यायची पद्धत, यायच्या आधीचे, त्यात आतून इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्यांचा चेहरा मराठी. फॉन्ट असलेल्या कॉम्प्युटरवर फाइल छान दिसते, फॉन्ट नसलेल्यावर नेली की नुसता इंग्रजी कचरा. आपल्याकडं टायपिंगवाल्यांकडून, पत्रिकावाल्यांकडून आजही अशा फाइली येतात. चित्र केलं की हा प्रश्नच मिटते, कारण अक्षराचा आकार जिथं बरोबर दिसते तिथंच गोठवला जाते. म्हणून चित्रात बदलायचं काम नेहमी त्याच कॉम्प्युटरवर सुरू करायचं जिथं मजकूर शंभर टक्के बरोबर दिसून राहिला आहे.

पहिलं काम: माप

बहुतेक नवीन पोरं आधी टाइप करतात आणि शेवटी माप विचारतात. उलटं करा. पाटी किती सेंटीमीटर आहे ते आधी फुटपट्टीनं मोजा, गिऱ्हाइकाच्या तोंडी मापावर जाऊ नका, "वितभर" म्हणजे प्रत्येकाची वीत वेगळी. समजा पाटी २० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटर आहे. वर्डमध्ये लेआउट, साइज, तिथं सगळ्यात खाली आणखी साइजचा पर्याय असते, त्यात रुंदी २० आणि उंची १० टाका. म्हणजे पानच पाटीएवढं झालं. चारही बाजूनं एक-एक सेंटीमीटर मार्जिन सोडा, स्क्रूची भोकं कोपऱ्यात येत असतील तर तिथं जास्त. ए-फोर पानावर टाइप करून नंतर कापत बसण्यापेक्षा हे लय सोपं आहे आणि अक्षराचा आकार खरा कळते.

मग डीपीआय ठरवा. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. आमची मशीन ३०० वर काम करते, तुमच्या मशीनच्या पुस्तकात पाहून घ्या. २० सेंटीमीटर म्हणजे ३०० डीपीआयला २३६२ ठिपके, १० सेंटीमीटर म्हणजे ११८१. हिशेब साधा: सेंटीमीटरला २.५४ नं भागा आणि ३०० नं गुणा. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, शेवटी तपासायला कामी येतात. ए-फोर पान असेल तर ३०० ला २४८० बाय ३५०८ होते.

स्क्रीनशॉट काहून चालत नाही ते इथंच कळून जाईल. साध्या स्क्रीनवर वर्डचं पान शंभर टक्क्यावर ९६ डीपीआयनं दिसते. १२ पॉइंटचं अक्षर ३०० डीपीआयला ५० ठिपके उंचीचं मिळते, ९६ ला फक्त १६. आणि त्या १६ ठिपक्यात वरची मात्रा, शिरोरेषा, मधलं अक्षर, खालचा उकार सगळं बसवायचं आहे. इंग्रजीचं एकवेळ भागून जाईल, मराठीचं नाही. अनुस्वार एका ठिपक्यावर येते, तो उडाला की "खंत"चं "खत" होते आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

दुसरं काम: पीडीएफ

मजकूर तयार झाला की सरळ चित्र करू नका, मध्ये पीडीएफ करा. वर्ड २०१० पासून पुढच्या कोणत्याही वर्डमध्ये सेव्ह ॲजमध्ये पीडीएफ असते. लिब्रेऑफिस वापरत असाल, जे वर्डसारखंच पण फुकट आहे आणि मला स्वतःला आवडते, तर फाइलमध्ये जाऊन एक्सपोर्ट ॲज, पीडीएफ. लिब्रेऑफिस रायटरमधून थेट पीएनजी किंवा जेपीजीसुद्धा काढता येते पण ते एका वेळी एकच पान काढते, त्यामुळं त्या वाटेनं जाऊ नका.

पीडीएफ झाली की ॲडोबी रीडरमध्ये उघडा, कंट्रोल आणि डी दाबा, प्रॉपर्टीची खिडकी येते, त्यात फॉन्टचा टॅब असते. तुमच्या मराठी फॉन्टच्या नावापुढं एम्बेडेड असं लिहिलेलं पाहिजे. म्हणजे फॉन्ट फाइलच्या पोटात गेला. लिहिलेलं नसेल तर ती पीडीएफ फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर खरी, दुसरीकडं काय दिसेल सांगता येत नाही.

आता या पीडीएफची एक प्रिंट काढा आणि गिऱ्हाइकाला वाचायला द्या. डोळ्यानं चाळायला नाही, मोठ्यानं वाचायला. आडनावातली ऱ्हस्व-दीर्घ, "श्री" आणि "सौ", "कै." कोणाच्या नावापुढं लागते आणि कोणाच्या नाही, तारीख, तिथी, रक्कम. आणि मग त्याच प्रिंटवर सही घ्या. मी हे सहीचं उशिरा शिकलो. एका गावच्या देवळाची देणगीदारांची यादी होती, सत्तरच्या वर नावं, आणि मी घाईत १५० डीपीआयवर चित्र करून घेतलं होतं. कोरायच्या आधी त्या कमिटीतले एक आजोबा दुकानात आले, चष्मा पुसला, प्रिंटवर बोट ठेवत ठेवत पूर्ण यादी वाचली आणि एका ओळीवर थांबले. म्हणाले, "बाबू, या माणसानं अकराशे एक दिले, तू एक्याण्णवशे एक लिहून राहिला." मूळ फाइलमध्ये ११०१ बरोबर होतं. चित्र करताना मराठी १ ची गाठ भरून आली आणि तो ९ सारखा दिसून राहिला होता. ते आजोबा आले नसते तर तो आकडा पाटीवर गेला असता आणि गावात ज्यानं जास्त दिलं त्याचं नाव मागं पडलं असतं. तेव्हापासून आकडे असले की मी १ आणि ९ वेगळे शोधून पाहतो, आणि प्रिंट पीडीएफचीही काढतो अन् शेवटच्या चित्राचीही.

तिसरं काम: पीडीएफचं चित्र

यासाठी मी जिंप नावाचं चित्रांचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, दुकानात धंद्यासाठी वापरलं तरी चालते. चित्रं पाहायचा इरफानव्ह्यूही लय हलका आणि चांगला आहे, पण तो फुकट आहे तो घरगुती वापरापुरता, दुकानात वापरायचा तर त्याचं लायसन्स घ्यायला पाहिजे, हे बहुतेकांना माहीत नसते. शिवाय त्यात पीडीएफ उघडायला प्लगिन वेगळं टाकावं लागते.

जिंपमध्ये पीडीएफ उघडली की लगेच एक खिडकी येते. घाईत इम्पोर्ट दाबू नका, पोरं इथंच चुकतात. त्या खिडकीत रिझोल्यूशनचा रकाना आहे, त्यात मशीनचा डीपीआय टाका, आमच्याकडं ३००. टाकल्याबरोबर रुंदी आणि उंचीचे ठिपके बदलतात, ते मघा कागदावर लिहिलेल्या २३६२ आणि ११८१ शी जुळवा, एखादा ठिपका इकडं-तिकडं झाला तर चालते. आणि एकापेक्षा जास्त पानं असतील तर ती लेअर म्हणून, म्हणजे एकाच चित्रात एकावर एक थर म्हणून, उघडायची की वेगळी चित्रं म्हणून ते तिथंच विचारते. पाट्यांसाठी वेगळी चित्रं, अनेक पानी टिफसाठी लेअर.

कमी डीपीआयवर उघडून नंतर इमेज स्केल करून मोठं करू नका. जे ठिपके आलेच नाहीत ते कुठून आणणार, जिंप फक्त आहे तेच ताणते आणि कडा फुगतात.

आणि मध्येच कुठंही जेपीजी करू नका, बाप्पा. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन करून त्यातला बारकावा टाकून देते, फोटोला ते खपून जाते पण काळ्या अक्षराच्या कडेनं मुंग्या लागल्यासारखे करडे डाग येतात. मग काळं-पांढरं केलं की त्या मुंग्या पाटीवर कोरल्या जातात. गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर तेच होते, त्याला सांगा की डॉक्युमेंट म्हणून पाठव, किंवा मूळ वर्डची फाइलच पाठव.

चौथं काम: काळं आणि पांढरं, मधलं काही नाही

हे सगळ्यात जास्त वेळ देण्यासारखं काम आहे. जिंपमध्ये पान उघडलं आणि झूम करून अक्षराची कड पाहिली तर दिसते की काळ्या आणि पांढऱ्याच्या मध्ये करडे ठिपके आहेत. स्क्रीनवर कड मऊ दिसावी म्हणून ते असतात. मशीनला करडं कळत नाही, तिला हो किंवा नाही एवढंच कळते, कोर किंवा सोड. मग प्रत्येक करड्या ठिपक्याचं काय करायचं ते आपण ठरवायचं.

आधी इमेजमध्ये जाऊन फ्लॅटन करा, म्हणजे मागचा पारदर्शक भाग पांढरा होते. मग कलर्समध्ये थ्रेशोल्ड उघडा. तिथं ० पासून २५५ पर्यंत पट्टी असते आणि काळा त्रिकोण बहुतेक १२७ वर असते. हा आकडा वाढवला की जास्त करडे ठिपके काळ्यात जातात, अक्षर जाड होते. कमी केला की अक्षर बारीक होते. चारशे टक्के झूम ठेवा आणि तीन जागा पाहत पाहत आकडा हलवा: एक शिरोरेषा, ती कुठं तुटली तर नाही ना, दोन, "क", "ब", "भ", "ष" यांच्या गाठी, त्या भरून तर आल्या नाहीत ना, तीन, अनुस्वार आणि रफार, ते शिरोरेषेला चिकटून एकच ढेकूळ तर झालं नाही ना. बारीक फॉन्टला मी १५० ते १७० च्या मध्ये ठेवतो, ठळक फॉन्टला १२० च्या आसपास. "दुसऱ्या", "सुऱ्या" मधला तो अर्धा र आडवा झोपलेला असते ना, तो सगळ्यात आधी गायब होते, तो मजकुरात असला तर त्यालाच पाहून आकडा ठरवा, बाकीचं आपोआप जमते. गाठीही भरून येऊन राहिल्या आणि शिरोरेषाही तुटून राहिली असं दोन्ही होत असेल तर थ्रेशोल्डचा दोष नाही, अक्षरच लहान आहे. वर्डमध्ये परत जा आणि पॉइंट वाढवा, नाहीतर मजकूर कमी करा. गिऱ्हाइकाला सांगायला कचरू नका की एवढ्या पाटीवर एवढा मजकूर बसत नाही.

थ्रेशोल्ड झालं की इमेज, मोड, इंडेक्स्ड. त्यात काळ्या-पांढऱ्या एक बिटच्या, म्हणजे दोनच रंगांच्या, पॅलेटचा पर्याय निवडा, पॅलेट म्हणजे रंगांची यादी. खाली डिदरिंग म्हणून एक गोष्ट असते, ती बंद ठेवा. डिदरिंग म्हणजे करड्याच्या जागी काळे-पांढरे ठिपके शिंपडून करड्याचा भास करणं, फोटोला बरं, अक्षराला वाईट. त्यानं कडा खरबरीत होतात आणि फाइलही फुगते, ती काहून फुगते ते पुढं पीसीएक्समध्ये सांगतो.

पाचवं काम: फॉरमॅट

फाइलमध्ये एक्सपोर्ट ॲज घ्या आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन फॉरमॅटची तीन इंग्रजी अक्षरं लिहा: बी एम पी, पी सी एक्स किंवा टी आय एफ. जिंप त्यावरूनच ओळखते.

बीएमपी हा विंडोजचा घरचा फॉरमॅट. आत काही गुंतागुंत नाही, सुरवातीला थोडी माहिती आणि मग ओळीनं ठिपके, तेही खालच्या ओळीपासून वर. म्हणून जुन्यात जुनं विंडोजचं सॉफ्टवेअरही त्याला घेते. दाबून लहान करत नाही त्यामुळं फाइल किती मोठी होणार ते आधीच काढता येते आणि हा तपासणीचा चांगला रस्ता आहे. आपल्या पाटीत एका ओळीत २३६२ ठिपके, एका बाइटमध्ये ८ ठिपके, म्हणजे २९६ बाइट. ओळीची लांबी चारच्या पटीत लागते, २९६ चारच्या पटीत आहेच. गुणिले ११८१ ओळी, वर ६२ बाइटचं डोकं, एकूण ३,४९,६३८ बाइट. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टी पाहा. याच्या जवळपास आकडा असला तर एक बिटची बरोबर फाइल झाली. ८३ लाखांच्या वर बाइट दिसले तर समजा ती २४ बिटची रंगीत फाइल झाली, दिसायला काळी-पांढरी पण आतून रंगीत, आणि जुनी मशीन ती घेत नाही किंवा घेऊन अडकून बसते. एक्सपोर्टच्या खिडकीत कम्पॅटिबिलिटीमध्ये रंगाची जास्तीची माहिती लिहायची नाही असा पर्याय आहे, तो निवडा, नाहीतर फाइलचं डोकं लांब होते आणि जुनं सॉफ्टवेअर "फाइल खराब आहे" म्हणून परत पाठवते. फाइल खराब नसते, त्याला ते लांब डोकं वाचता येत नाही एवढंच.

पीसीएक्स हा डॉसच्या काळातला, झेडसॉफ्ट कंपनीच्या पीसी पेंटब्रशचा. आज कोणी वापरत नाही असं वाटते, पण जुन्या कोरायच्या मशीनींमध्ये अजून जिवंत आहे. त्याची दाबायची पद्धत मला लय आवडते, कारण ती समजायला सोपी आहे. एकासारखे एक बाइट आले तर ते सगळे न लिहिता "हा इतक्या वेळा" एवढंच लिहायचं, आणि एका वेळी जास्तीत जास्त ६३ पर्यंतच मोजता येते. ए-फोर पानाची एक पूर्ण कोरी ओळ म्हणजे ३१० बाइट, त्या ६३ च्या हिशेबानं पाच तुकडे, प्रत्येक तुकड्याला दोन बाइट, झाले १० बाइट. ३१० चे १०. म्हणून मोकळ्या पानाला ही पद्धत छान. आणि डिदरिंग केलं की ठिपके शिंपडले जातात, एकासारखा एक बाइट लागोपाठ येत नाही, मग मोजायला काही राहतच नाही आणि फाइल फुगत जाते. पीसीएक्स केल्यावर ती एक बिटची झाली की आठ बिटची ते पाहून घ्या, इरफानव्ह्यूमध्ये उघडून आय दाबलं की माहिती दिसते. मशीनला एकच बिट पाहिजे असेल आणि तुमची आठची झाली असेल तर मी सरळ बीएमपीकडं वळतो, भांडत बसत नाही.

टिफवर थोडं थांबू, कारण याच्यात सगळे फसतात. १९८६ मध्ये आल्डस कंपनीनं काढला, ६.० ही आवृत्ती १९९२ ची, आणि १९९४ मध्ये आल्डस ॲडोबीकडं गेली. टिफ म्हणजे एक पेटी समजा, आत कपडे कसे घडी करून ठेवले ते पेटीवरून कळत नाही. दाबायच्या पद्धती आत पाच-सहा असतात आणि बाहेरून सगळ्यांचं नाव टिफच. ६.० च्या नियमात प्रत्येक टिफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला जेवढं आलंच पाहिजे त्याला बेसलाइन म्हणतात आणि त्यात तीनच आहेत: काहीच न दाबलेली, पॅकबिट्स, आणि फॅक्सची एक जुनी साधी पद्धत. एलझेडडब्ल्यू, जेपीजी, ग्रुप फोर हे सगळं त्याच्या बाहेरचं, असलं तर असलं. म्हणून समोरच्या सॉफ्टवेअरबद्दल काहीच माहीत नसेल तर पहिली फाइल नन निवडून द्या, म्हणजे न दाबलेली. ती उघडली तर पॅकबिट्स. आणि रेकॉर्डवाल्यांनी ग्रुप फोर मागितलं असेल तर तेच द्या, काळ्या-पांढऱ्या मजकुराला त्याच्याएवढी लहान फाइल बाकीच्यांत होत नाही. जिंपमध्ये ग्रुप फोरचा पर्याय धूसर दिसत असेल, क्लिक होत नसेल, तर चौथं काम राहिलं आहे, इंडेक्स्ड दोन रंग केल्याशिवाय तो उघडतच नाही. अनेक पानं एकाच टिफमध्ये पाहिजे तर एक्सपोर्टच्या वेळी लेअर सेव्ह करायचा पर्याय निवडा, मात्र तेव्हा मघाचं फ्लॅटन करू नका, नाहीतर सगळी पानं एकमेकांवर चिकटून एकच होते. आणि थ्रेशोल्ड प्रत्येक लेअरवर वेगळं करावं लागते.

टीजीए, जीआयएफ कोणी मागत नाही इकडं, मागितलं तर रस्ता हाच, शेवटची तीन अक्षरं बदलायची.

सहावं काम: मशीनपर्यंत नेणं

फाइलचं नाव मराठीत ठेवू नका. आठ इंग्रजी अक्षरं किंवा आकडे, मध्ये जागा नाही, मग टिंब आणि तीन अक्षरं. डॉसच्या काळातल्या सॉफ्टवेअरला यापेक्षा लांब नाव पचत नाही, मराठी नावाच्या जागी तर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. मी तारीख आणि नंबर टाकतो आणि वहीत त्या नंबरापुढं गिऱ्हाइकाचं नाव.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला ठेवा, मोठे नवीन पेनड्राइव्ह एक्सफॅट असतात, ते जुन्या एक्सपीला अपडेटशिवाय दिसत नाहीत. आणि तो पेनड्राइव्ह फक्त त्याच कामाचा. एक्सपीला मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ पासून सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं आहे, त्या कॉम्प्युटरला इंटरनेट लावू नका आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह तर बिलकुल लावू नका. व्हायरस आला तर मशीनचं सॉफ्टवेअर परत टाकायला आता सीडी कोणाकडंच मिळत नाही.

तिथं नेल्यावर आधी मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, साध्या पेंटमध्ये बीएमपी उघडून पाहा.

आता दोन गडबडी सांगतो, ज्या होतातच. पहिली, माप तिप्पट होणं. चित्रात ठिपके बरोबर असतात पण डीपीआय लिहिलेला नसते किंवा सॉफ्टवेअर तो वाचत नाही आणि ९६ धरून चालते. मग २३६२ ठिपक्यांची २० सेंटीमीटरची पाटी साडेबासष्ट सेंटीमीटर दिसते. घाबरू नका, चित्र परत करायची गरज नाही, मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये रुंदी २० सेंटीमीटर हातानं टाका. ठिपके तेच राहतात.

दुसरी जास्त महागाची. दोन रंगांच्या फाइलमध्ये आत फक्त ० आणि १ असते आणि कोणता काळा कोणता पांढरा ते सुरवातीच्या छोट्या यादीत लिहिलेलं असते. नवीन सॉफ्टवेअर ती यादी वाचतात. काही जुनी वाचत नाहीत, ० म्हणजे काळा असं धरूनच चालतात. टिफमध्येही हेच, पांढरं म्हणजे शून्य की काळं म्हणजे शून्य हे दोन्ही प्रकार चालतात. एका शाळेची पितळेची पाटी होती, संस्थापकांच्या नावाची. पेंटमध्ये बरोबर दिसली, प्रिंट बरोबर, सही झालेली, मी मशीन सुरू करून समोर गिऱ्हाइकाकडं गेलो. पंधरा मिनिटांनी येऊन पाहिलं तर मशीन अक्षरं सोडून आजूबाजूचं सगळं पितळ खरवडून राहिली होती, वरच्या कोपऱ्यातून पट्टे पट्टे पाडत. पत्रा गेला, तो माझ्या खिशातून. आता मी दर वेळी आधी ॲक्रिलिकच्या तुकड्यावर एक शब्द कोरून पाहतो आणि पहिली दोन मिनिटं मशीनपासून हलत नाही. उलटं आलं तर जिंपमध्ये मूळ चित्रावर इन्व्हर्ट करून नवीन फाइल काढायची, तिला नावात वेगळं अक्षर द्यायचं म्हणजे दोघींची गल्लत होत नाही.

विजेच्या लाइनचं तर तुम्हाला माहीतच आहे, उन्हाळ्यात कधी जाईल सांगता येत नाही, अर्धी कोरलेली पाटी परत त्याच ठिपक्यावर बसत नाही, त्यामुळं मशीन आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर ठेवा, आणि त्या यूपीएसची बॅटरी चालू आहे का ते आठवड्यातून एकदा प्लग काढून पाहा.

काम झालं की एका फोल्डरमध्ये चारही गोष्टी ठेवा: वर्डची मूळ फाइल, पीडीएफ, जिंपची स्वतःची फाइल आणि मशीनला दिलेलं चित्र. सही केलेल्या प्रिंटचा फोटोही. ग्रामपंचायतीचा फलक असेल तर पाच वर्षांनी सरपंच बदलतात, सदस्य बदलतात, आणि ग्रामसेवक दुकानात येऊन म्हणतात तोच फलक पाहिजे, फक्त खालची नऊ नावं नवीन. तेव्हा ज्याच्याकडं वर्डची फाइल आहे तो दहा मिनिटांत नावं बदलून पीडीएफ काढते, आणि ज्याच्याकडं फक्त बीएमपी आहे तो पूर्ण फलक पुन्हा टाइप करत बसते.